सगळंच हेमाडपंती?

होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराचा फोटो टाकून बघा. कुणीतरी हमखास ‘हेमाडपंती’ लिहितं. लातूरकडे निलंग्याच्या नीलकंठेश्वरावरही हाच शिक्का. पण हेमाद्री हा १३व्या शतकातला; महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, ‘चतुर्वर्गचिंतामणि’ लिहिणारा धर्मशास्त्री. होट्टलचं काम कल्याणी चालुक्यांच्या काळातलं, म्हणजे त्याच्या आधीचं. चुना न वापरता दगडात दगड बसवायची युक्तीही त्याच्या आधीपासून होती.

मग दगड घडवणारे, खाचा जुळवणारे कुठे गेले? व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये बांधकामप्रमुख आंटोन पिलग्रामने १५१३ साली स्वतःलाच कोरून ठेवलं, हातात कंपास आणि गुण्या घेतलेलं. इतकं लांब कशाला, कर्नाटकात सोमनाथपूरला १३व्या शतकात मल्लितम्माने मूर्तींखाली आपलं नाव कोरलं.

आपण मात्र सगळं श्रेय एका मंत्र्याला देऊन मोकळे झालो. कॅप्शनमध्ये ‘चालुक्यकालीन’ लिहिलं तर काळ बरोबर येतो, पण नाव पुन्हा राजाचंच. म्हणून पुढच्या वेळी कळसासोबत दगडांच्या सांध्यांचाही फोटो काढा. त्या कारागिरांची सही म्हणून आपल्याजवळ तेवढीच आहे.