युवा महोत्सव आणि मोहोळचे पाणी

विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात एवढेच त्याचे कार्य, की भोवतालच्या समाजास स्वतःच्या भवितव्याचा विचार करावयास लावणे हेही त्यात येते, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. सोलापुरास त्याची निकड अधिक आहे. २००४ साली स्थापन झालेले आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे येथील विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. त्यामुळे त्याच्या ‘उन्मेष सृजनरंग’ या युवा महोत्सवात नटही याच मातीतले आणि प्रेक्षकही याच मातीतले. रंगमंचावर बोललेला शब्द थेट घरी पोचावा, अशी ही दुर्मिळ सोय आहे.

महोत्सवाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावातील मुलगी शेकडो श्रोत्यांसमोर निर्भयपणे उभी राहते, ही गोष्ट लहान नव्हे. विषयांची निवडही गंभीर असते. दुष्काळ, शेतकऱ्याची आत्महत्या, बालविवाह, हुंडा यांवाचून प्रहसनांची आणि पथनाट्यांची यादी सहसा पुरी होत नाही. तक्रार आहे ती विषयाची नव्हे. विषय जेथवर नेला जातो त्या मर्यादेची आहे.

दुष्काळाचेच उदाहरण घेऊ. पाऊस रुसतो, सावकार दारी येतो, बाप गळफास घेतो, आणि अखेरीस पात्रे ओळीने उभी राहून प्रेक्षकांस उपदेश करतात, हा आता ठरीव साचा झाला आहे. प्रेक्षक डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात आणि निश्चिंत मनाने उठतात. कारण अपराधी ठरतो तो पाऊस, किंवा फार तर दूरचे सरकार. परंतु मोहोळ तालुक्याची खरी कथा याहून अवघड आहे. हा मुलूख मूळचा ज्वारीचा आणि अवर्षणाचा. उजनीचे पाणी आले, टाकळी सिकंदरला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस शिवारात स्थिरावला. साखर कारखान्यांच्या संख्येत आज हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. त्याच पाण्यावर काही घरे वर आली, आणि कालव्यापासून दूरची शिवारे कोरडीच राहिली. पाणी कोणाच्या वाट्याचे, आणि पुढल्या पिढीस ते उरेल काय, हा प्रश्न सभागृहात बसलेल्यांस परस्परांकडे पाहावयास लावील. नेमका तोच नाटकात येत नाही.

याचा दोष केवळ विद्यार्थ्यांचा मानणे अन्यायाचे होईल. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवांचे नियम पाहा. प्रहसनास दहा मिनिटे, मूकनाट्यास पाच. प्रहसनात बोचरे सूचन टाळावे, विनोद निरुपद्रवी असावा, अशी अपेक्षा. ज्या उपहासाने कोणासच काही वाटावयाचे नाही, तो उपहास करावा तरी कशासाठी? वादविवादात एकाच संघाचा एक वक्ता अनुकूल आणि दुसरा प्रतिकूल बोलतो. हा व्यायाम बुद्धीस उत्तम. परंतु येथे मताची किंमत गुणांइतकीच राहते आणि श्रोत्याचे मत तर कोणी विचारीतच नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी राजासाठी व देशासाठी आपण कदापि लढणार नाही असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला, तेव्हा इंग्लंडभर काहूर उठले. ठराव शहाणपणाचा होता की नव्हे हा प्रश्न निराळा. पण तेथे श्रोते मत देत होते, म्हणून ते शब्द कोणाचे तरी होते. आपल्याकडे २०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी करंडक कोणासच दिला नाही, तेव्हा मोठे वादंग माजले खरे. परंतु ते बव्हंशी निकालाभोवतीच फिरले.

स्पर्धा मोडून टाका असे सुचविण्याचा हेतू नाही. चुरशीशिवाय तालमी होत नाहीत, हे नाट्यवेड्या महाराष्ट्रास सांगावयास नको. मागणी एवढीच, की प्रयोग संपल्यावर परीक्षकांनी गुणपत्रिका मिटून ठेवाव्यात आणि अर्धा तास सभागृह प्रेक्षकांच्या हाती द्यावे. ऊसवाल्याने बोलावे, ज्याच्या विहिरीस पाणी नाही त्यानेही बोलावे, आणि नाटक लिहिणाऱ्या मुलाने दोघांस उत्तर द्यावे. त्या उत्तरात तो अडखळला तरी चालेल. पुढल्या वर्षीचे नाटक तेथूनच सुरू होईल.