दया आणि ममता : ‘स्मृतिचित्रे’तील एक नैतिक भेद

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची (१९३४–३७) चर्चा मराठी समीक्षेत प्रामुख्याने निर्व्याज निवेदन, सहज विनोद आणि प्रांजळपणा या गुणांच्या अनुषंगाने होत आली आहे. हे गुण निर्विवाद आहेत. परंतु त्यांवरच भर दिल्याने या आत्मकथनाचा ख्रिस्ती आशय ‘माणुसकी’ या व्यापक आणि काहीशा संदिग्ध संज्ञेत विरून जातो. परक्याशी मायेने वागणे याला ख्रिस्ती जीवनात जे स्थान आहे, त्याला ही कृती कोणता अर्थ देते, हा प्रश्न मग उपस्थितच होत नाही.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये ‘ख्रेस्तोतेस’ या गुणाची गणना केली आहे. उपयोगी, चांगला, मृदू अशा अर्थच्छटा असलेल्या ग्रीक विशेषणापासून ही संज्ञा साधलेली आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी ‘ममता’ हा शब्द योजलेला दिसतो. ही योजना अर्थगर्भ आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणांत ‘करुण’ आणि ‘निर्मम’ ही विशेषणे एकाच श्लोकात येतात. म्हणजे करुणा इष्ट, पण ‘माझे’पण त्याज्य. या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ममता हे बंधन वाटते, तर भाषांतरात तीच आत्म्याचे फळ ठरते. दयेत देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर शाबूत राहू शकते. ममतेत परका ‘आपल्यां’त मोजला जातो आणि त्याचा भारही आपला होतो.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’शी (१८५७) तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे विधवांची दुःखे प्रवासात पाहिली-ऐकली जातात आणि प्रतिपादनाचा पुरावा म्हणून मांडली जातात. त्यांमागील कळकळ खरी आहे; परंतु प्रवास पुढे सरकतो आणि दुःखी व्यक्ती मागे राहते. ‘स्मृतिचित्रे’त ती घरात राहायला येते.

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याचा आग्रह धरणाऱ्या लक्ष्मीबाई जातिभेदाचा विचार करीत अखेर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याच्या निर्णयाप्रत आल्या. त्यांचे हे परिवर्तन बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे, ही बाब महत्त्वाची. धर्मसिद्धान्ताच्या औपचारिक स्वीकाराआधी स्वयंपाकघराची सीमा ओलांडली गेली. ममता येथे भावना म्हणून अवतरत नाही. पाणी, पंगत आणि पाटरांगोळी यांच्या व्यवहारात ती घडते.

टिळकांची वृत्ती हाती असेल ते देऊन टाकण्याची. त्या औदार्याचा हिशेब मात्र संसार चालविणाऱ्या स्त्रीला मांडावा लागतो. लक्ष्मीबाई ते औदार्य नाकारीत नाहीत, त्याची आरतीही करीत नाहीत. आपली चिडचीड, ओढाताण आणि हतबलता हसतहसत नोंदवितात. म्हणूनच त्यांच्या विनोदाकडे केवळ शैलीगुण म्हणून पाहणे अपुरे ठरते. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, या ख्रिस्तवचनाला आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मुळातच अडचणीत आणतो, कारण आत्मचरित्रात सांगणे अपरिहार्य असते. स्वतःकडे वळविलेला विनोद ही अडचण सोडवितो : चांगुलपणा सांगितला जातो, पण त्याचा अहंकार शिल्लक राहत नाही.

ममतेला तिचा धोकाही आहे. ‘माझा’ म्हणण्यातून ‘माझ्यासारखा हो’ ही मागणी सहज जन्म घेते, आणि मिशनच्या परिसरात ही शक्यता अधिकच संभवते. या दृष्टीने अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिलेल्या बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांचे उदाहरण बोलके आहे. त्या घराने त्यांना घरच्यासारखे सांभाळले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. जवळीक आणि धर्मभेद यांचे हे सहअस्तित्व ‘स्मृतिचित्रे’तील ममतेची कसोटी आहे आणि त्या कसोटीला ती उतरते.

तेव्हा या ग्रंथाला ‘मिशनरी वाङ्मया’च्या कप्प्यात बंदिस्त करणे जितके अन्यायाचे, तितकेच त्यातील श्रद्धा वगळून उरलेल्याला माणुसकी म्हणणेही अपुरे आहे. मराठीत ‘ममता’ या शब्दाचा एक निराळा, बंधनाऐवजी बांधिलकी सुचविणारा अर्थ या ग्रंथाने जगण्याच्या तपशिलांतून सिद्ध केला, आणि त्याची दखल घेणे हे समीक्षेचे काम आहे.