सामायिक वारसा आणि ‘बोली’चा प्रश्न

भगिनीभाषांमधील वाद मूलतः व्याकरणाचा नसतो. सामायिक वारशावरील अधिकाराचा असतो. झारशाहीने १८६३ व १८७६ मध्ये युक्रेनियन मुद्रणावर निर्बंध घातले, त्यामागे ही स्वतंत्र भाषाच नव्हे, असे गृहीतक होते. युक्रेनमध्ये जन्मलेल्या गोगोलने रशियनमध्ये लेखन केले. शेवचेन्कोने कवितेसाठी युक्रेनियन निवडली.

हे गृहीतक मराठी समीक्षेला परके नाही. १९६७ च्या जनमत कौलाच्या काळात ‘कोंकणी ही मराठीची बोली’ हा दावा गोव्याच्या विलीनीकरणाच्या राजकारणाशी जोडला गेला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला मान्यता दिली. १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. बा. भ. बोरकर मात्र दोन्ही भाषांचे कवी. ‘ससाय’ या त्यांच्या कोंकणी संग्रहाला १९८१ चा अकादमी पुरस्कार लाभला. त्यांची कोंकणी कविता मराठी कवितेची पुरवणी मानून वाचणे म्हणजे जुनेच गृहीतक जपणे होय.

दोन्ही संघर्ष समान नाहीत: गोव्याचा कौल मतपेटीतून लागला, तर युक्रेनवर २०२२ मध्ये रशियाचे सर्वंकष आक्रमण झाले. तरीही समीक्षेपुरता बोध एकच. सामायिकता मालकी देत नाही; दोन्ही भाषांत वाचण्याचे दायित्व देते.