बुरशीला चित्रात काय दिसतं?

मंडळी, आपल्या खाडीकाठच्या नायगावात पावसाळा लागला की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तशीच ती भिंतीवरच्या चित्रालाही येते. आपण चित्रात विषय बघतो, रंगसंगती बघतो. बुरशीला दिसतो सुती कॅनव्हास, त्यावरची सरसाची खळ, रंगातलं जवसाचं तेल. म्हणजे अन्नच! म्हणून तेलचित्रात ती बऱ्याचदा मागच्या बाजूने सुरू होते. तिचे तंतू थरांमध्ये शिरतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. तिच्यातून निघणारी आम्लं आणि रंगद्रव्यं डाग पाडतात. वरची बुरशी काढली तरी डाग राहतात.

अजिंठ्यात तर भिंतच खाण्याजोगी आहे. मातीच्या गिलाव्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून सेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेले पापुद्रे चिकटवले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण वरून लाखेचं वार्निशही चढवलं. ते पुढे पिवळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना उतरवत बसावं लागलं. माझा आक्षेप वार्निशपेक्षा त्यामागच्या दृष्टीवर आहे. चित्र म्हणजे दिसतो तेवढाच पृष्ठभाग, असं आपण धरून चालतो.

हीच चूक दुसऱ्या टोकानेही होते. फ्रान्समधल्या लास्को गुहेत प्रेक्षकांचे श्वास आणि दिव्यांचा उजेड यांमुळे हिरवं शेवाळ आलं. १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. २००१ मध्ये पांढरी बुरशी पसरली, औषधं मारली, पुढे काळे डाग उमटले. बुरशी मारणं सोपं असतं हो, तिला पोसणारी हवा बदलणं अवघड.

म्हणून चित्राच्या जपणुकीची चर्चा रंगापासून नव्हे, पाण्यापासून सुरू व्हावी, असं माझं मत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा वाढत नाही. घरातलं असो की चर्चमधलं, चित्र ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नका. मागे हवा खेळू द्या. बुरशी दिसलीच तर ओलं फडकं फिरवू नका, त्याने ती पसरते आणि रंगही निघतो. चित्र बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आज घरी गेलात की एवढंच करा. आवडतं चित्र भिंतीवरून हळूच उतरवा आणि त्याची पाठ बघा.