खडूची फुली

आमच्या काटेवाडीत नळाचा नवा जोड घ्यायचा असला की गावची टाकी कोणी रिकामी करत नाही. पाणी चालूच असतं. खड्डा घेऊन लाइन उघडी करायची, पाइपाला सॅडल आवळायची, भोक पाडून फेरूल बसवायची. या कामातला मला सगळ्यांत आवडणारा वेळ ड्रिल सुरू होण्याआधीचा. जाणता फिटर पाइपावरची माती हातानं पुसतो, सॉकेट किती लांब आहे ते चाचपतो, शेजारच्या घराचा जोड कुठल्या अंगाला आहे ते पाहतो आणि त्याच्या रेषेत येणार नाही अशी जागा धरतो. एकाच रेषेत जवळजवळ भोकं पडली तर पाइप त्या रेषेनं चिरायला बघतो. बुडाला भोक घेतलं तर गाळ घरात येतो. हे सगळं मनात जुळलं की तो खडूनं फुली मारतो. काम निम्म्याहून जास्त तिथंच झालेलं असतं.

तेलाच्या आणि गॅसच्या लाइनीवर हेच करतात, त्याला हॉट टॅप म्हणतात. आत दाबाखाली पेट्रोल वाहत असताना पाइपावर फाट्याचा तुकडा वेल्ड करायचा, त्यावर पूर्ण उघडणारा व्हॉल्व्ह बसवायचा, जोडाची दाबचाचणी घ्यायची आणि व्हॉल्व्हमधून कटर आत सोडून पाइपाला भोक पाडायचं. कटर मागे घेतला, व्हॉल्व्ह बंद केला की फाटा तयार. लाइन क्षणभरही थांबलेली नसते. वारीत वाटेवर सामील होणारा माणूस पालखीला थांबा म्हणत नाही, चालत्या पावलांत पाऊल मिसळतो. तुकोबांची पालखी आणि मेंढ्यांचं रिंगण बघत वाढलेल्या आमच्या गावाला ही रीत वेगळी समजवावी लागू नये.

पण पाऊल कुठं मिसळायचं? हॉट टॅपच्या नियमांची भाषा कोरडी आहे, तरी एकेक ओळ थांबून वाचली तर तिच्यामागचा विचार फार देखणा वाटतो. फ्लँजपासून निदान 45 सेंटिमीटर दूर राहा, कारण वेल्डिंगची उष्णता जोडातल्या गॅस्केटपर्यंत गेली तर गळती तिथूनच सुरू होईल. जुन्या वेल्डच्या शिवणीवर नवी शिवण चढवू नका. पंपाच्या तोंडाशी भोक घेऊ नका, कारण कापलेली चकती सुटली तर प्रवाह ती थेट पंपात नेईल. यंत्र सरळ मागे ओढायला मोकळी जागा ठेवा. यातली प्रत्येक सूचना पुढं काय बिघडू शकेल ते आधी डोळ्यांसमोर आणते.

सगळ्यांत जास्त रस मला प्रवाहाच्या वेगात वाटतो. वेल्डिंगच्या वेळी आतलं तेल वाहतं असावं लागतं, कारण तेच पाइपाच्या भिंतीची उष्णता वाहून नेतं. तेल थांबलेलं असेल तर भिंत तापून नरम पडते आणि आतल्या दाबानं वेल्डखालीच फुटू शकते. म्हणजे जितका वेग जास्त तितकं बरं, असं वाटेल. तसं नाही. वेग फार झाला तर वेल्ड झटक्यात थंड होतो, लोखंड कडक आणि ठिसूळ बनतं, आणि त्यात हायड्रोजन अडकला असेल तर काही तासांनीही तडा जातो. वेल्डरला या दोन धोक्यांमधला वेग हवा असतो. म्हणून जागा निवडणारा माणूस पाइपाबरोबर वेळही निवडतो, पंप किती चालवायचा हेही ठरवतो. जागेचा प्रश्न इतका पसरतो, हे लक्षात आल्यावर मला या कामाबद्दल नुसता आदर नाही, जिव्हाळा वाटू लागला.

आणि मग भिंतीची जाडी. ध्वनिलहरींचं यंत्र पाइपाच्या घेराभोवती टप्प्याटप्प्यानं टेकवत जातात. घेराला घड्याळ मानून बोलतात: बारा वाजता एवढी जाडी, सहा वाजता एवढी. सहा वाजता, म्हणजे बुडाला, पाणी आणि मळ साचतो, तिथं गंज आधी लागतो. साधारण 4.8 मिलिमीटरपेक्षा पातळ भिंतीवर वेल्डिंग करायचं नाही, असा मान्य दंडक आहे. आमच्या भागात बाहेरच्या अंगाचाही विचार करावा लागतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं बारामती-इंदापूरला ऊस दिला, तशी काही रानं पाणथळ आणि चोपणही केली. ओलसर, खारट माती लोखंडाला बाहेरून खाते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यात गाडलेल्या फाट्याला हलवते, म्हणून फाट्याला खालून आधार द्यावा लागतो. खड्ड्याच्या कडा उतरत्या कापाव्यात, वर यायला दोन वाटा असाव्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यातच बसून राहते. त्यामुळं आत उतरण्याआधी वायुमापक उतरतो.

हे सगळं न वाचता पाडलेलं भोक कसं असतं, तेही आपण पाहिलं आहे. 2021 मध्ये शेजारच्या फलटण तालुक्यात चोरट्यांनी मुंबई-पुणे-सोलापूर तेलवाहिनीला भोक पाडलं. पेट्रोल शेतात पसरलं, विहिरींत उतरलं. ज्या विहिरीवर गुरं आणि पिकं जगतात तिचं पाणी असं गेलं की शेतकऱ्याच्या पोटात काय होतं, ते मला सांगायला नको. चोरट्यांकडंही ड्रिल होतं. जाडी मोजणारा, वारा बघणारा, मागं फिरायची तयारी ठेवणारा माणूस नव्हता. मागं फिरणं हाही या निवडीचा भाग आहे: मोजमाप बसलं नाही तर चार मीटर पुढं दुसरा खड्डा घ्यायचा, आणि तिथंही बसलं नाही तर लाइन बंद करूनच काम करायचं.

कटर बाहेर येतो तेव्हा त्याच्या मधल्या पायलट ड्रिलच्या तारांत कापलेली चकती अडकलेली असते. तिला कूपन म्हणतात. पुसली की तिचा बाक दिसतो, आतल्या अंगावर इतक्या वर्षांच्या प्रवाहाचा काळपट थर दिसतो. फिटर तिच्या कडेला कॅलिपर लावतो आणि वहीतला आकडा बघतो, भोक पडण्याआधी फुलीशेजारी मोजून लिहून ठेवलेला.