खुर्द्याची गणती

पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्याला सराफी भाषेत कळली. 14 जानेवारी 1761 ची लढाई संपली होती. उत्तरेकडे निघालेल्या पेशव्याच्या हाती एका सावकाराचे सांकेतिक पत्र पडले. त्यात भाऊसाहेब आणि विश्वासराव हे मोती होते, पडलेले सरदार मोहरा होत्या, त्यांचा आकडाही होता. राहिले रुपये आणि खुर्दा. त्यांची गणती नाही, असे पत्र सांगत होते. शाळेत आपल्याला हे पत्र भाषेचा चमत्कार म्हणून शिकवतात. मी ते हिशेबाचे पत्र म्हणून वाचतो. माझा आरोप असा की, दोनशे वर्षांनंतर आलेल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीने हाच हिशेब पुढे चालवला.

मी सुरगाण्यात मराठी शिकवतो. वर्गातली मुले बहुतेक कोकणा, वारली, महादेव कोळी. द्राक्षाच्या हंगामात त्यांची घरे कुलूप लावून दिंडोरी-पिंपळगावकडे उतरतात. गेल्या वर्षी तासाला ‘बाजारबुणगे’ हा शब्द आला. मी अर्थ सांगितला: लष्करामागून चालणारे हमाल, नोकर-चाकर, दुकानदार, यात्रेकरू, बायका-मुले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “सर, त्यांच्यातला जो परत आला नाही, त्याचे दिवस घरच्यांनी कधी घातले?”

मला उत्तर आले नाही. मी कादंबऱ्यांकडे वळलो.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 ची. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेणारा माधवराव तिचा नायक. युद्धाने पोळलेला तरुण म्हणून तो खरा वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुण्यातल्या प्रत्येक आळीत कोणी ना कोणी परत आलेले नसताना दुःखाचा सगळा अधिकार शनिवारवाड्याकडे जातो. आणि श्रद्धा? ती थेऊरला 1772 साली रमाबाईच्या सहगमनात पूर्ण होते. एका तरुण बाईचे जळणे आपल्या पांढरपेशा वाचकाने प्रेमाचे मंदिर म्हणून स्वीकारले, डोळे पुसले, आणि कादंबरीला 1964 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. ज्या धर्माने तिला चितेवर चढवले, त्या धर्माला एकही प्रश्न न विचारता हे घडले. कादंबरी कसलेली आहे म्हणूनच हा प्रश्न अधिक टोचतो.

विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (1988) छावणीची उपासमार दाखवली. खुर्दा निदान दिसला, हे श्रेय त्यांचे. तरीही तिचे सगळे बळ रणाकडे ओढ घेते. काशीराजाच्या फारसी वृत्तांतात लढाईनंतर कैद्यांची कत्तल आणि बायका-मुलांना गुलाम करून नेणे आहे. सुरजमल जाटाने वाचलेल्यांना अन्नवस्त्र दिले, हेही इतिहासात आहे. त्या पायी परतणाऱ्या गर्दीतली सोळा-सतरा वर्षांची एखादी पोर घरी पोचल्यावर कोणत्या देवापुढे उभी राहिली? तिला घरात तरी घेतले का? खरी कादंबरी इथे सुरू व्हायला हवी होती.

एका तरुणाने मात्र स्वतःच लिहून ठेवले. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचा, लढवय्या नव्हे. आई तीर्थयात्रेच्या ओढीने सोबत आली होती. ती परत आली नाही. नानाच्या छोट्या आत्मवृत्तात जीव वाचवून केलेला पळ आहे, पापाची टोचणी आहे, देवाचा धावा आहे. मला ते सगळ्या कादंबऱ्यांपेक्षा जवळचे वाटते. पण हेही ध्यानात घ्यावे की त्याच्या हातात बोरू होता. शेजारून पळणाऱ्या मोतद्दाराच्या पोराची टोचणी कोणाच्या दप्तरात नोंदली जाणार?

भाऊसाहेबांच्या पार्वतीबाईने वैधव्य पत्करले नाही, पती जिवंत आहे ही श्रद्धा तिने अखेरपर्यंत सोडली नाही. पुढे भाऊंचा तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणात हजारो लोक त्याच्यामागे गेले. 1776 साली पुण्यात त्याला देहान्त झाला. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक या विषयावर लिहिले. या बंडाकडे आपण भोळेपणा, नाहीतर राजकारण म्हणून पाहतो. मला वाटते, भाऊ परत येऊ शकतो तर आपलाही येईल, असे म्हणणारी कित्येक घरे त्या गर्दीत असतील. पुरावा नाही. पण कादंबरीकाराने पुरावा संपतो तिथेच तर शिरायचे असते!

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही. माझ्या आजीचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीत गेला, त्याचे पुढे काही कळले नाही. आजी तेव्हा परकरी पोर होती. 1956 नंतर आमच्या वस्तीने देव नदीत सोडले. पणजीनेही सोडले, हौसेने सोडले. बाबासाहेबांचा शब्द तिला प्रमाण होता. एक टाक मात्र तिने उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवला. मुलाच्या परतीचा नवस त्या देवाला बोललेला होता. ती गेल्यावर तो सापडला. आजीने तो पूजला नाही आणि फेकलाही नाही.

त्या मुलाला मी हे सांगितले, आणि नानाचे आत्मवृत्त वाचायला दिले. त्याने दोन दिवसांत परत आणून दिले. म्हणाला, “सर, आईचे दिवस यानेही कधी घातले ते नीट कळत नाही.”