घरकुलाचे अनुदान आणि पायाचा प्रश्न

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण (आरंभ: नोव्हेंबर २०१६) या विषयावर उत्तर लिहिताना बरेच विद्यार्थी "घराची किंमत १.२० लाख रुपये" असे लिहून मोकळे होतात. ही किंमत नाही, मदत आहे. खरी किंमत आणि मदत यांच्यातली तफावत कोण भरतो, हे योजना विचारत नाही. माझा आक्षेप तिथेच आहे.

आधी आकडे. मैदानी भागात १.२० लाख, डोंगराळ व दुर्गम भागात १.३० लाख रुपये. केंद्र-राज्य वाटा ६०:४०. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ९०:१०. शौचालयाचे १२,००० रुपये आणि मनरेगातून ९० ते ९५ दिवसांची मजुरी ही जोड मूळ आराखड्यातलीच. घर किमान २५ चौ. मी. हवे. भागाकार केला तर चौरस मीटरला ४,८०० रुपये, म्हणजे चौरस फुटाला साधारण ४४६. हा दर गावातल्या गवंड्याला सांगून पाहा! २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरे मंजूर झाली, तीही याच दराने. मधली आठ वर्षे सिमेंट, सळई आणि मजुरी जागच्या जागी थांबली होती काय?

दुसरी अडचण स्थापत्याच्या विद्यार्थ्याला लगेच कळेल. पैसे किमान तीन हप्त्यांत, थेट खात्यात येतात. पहिला हप्ता मंजुरीनंतर मिळतो. पुढचे हप्ते बांधकाम कुठवर आले ते पाहून, जिओटॅग केलेल्या फोटोच्या आधारे. मधल्या दलालाला यामुळे आळा बसतो, हे मान्यच. पण विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिथे पाया खोल न्यावा लागतो. कठीण मुरमावर तेच घर उथळ पायावर उभे राहते. दोघेही मैदानी भागातले, दोघांचा हप्ता सारखा. काळ्या मातीवरच्या कुटुंबाचा पैसा जोते दिसण्याआधीच जमिनीत जातो, आणि जोते दिसल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. योजनेत ७०,००० रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला बँकेपेक्षा नातेवाईक किंवा सावकार जवळचा. फोटोत भिंत दिसते, उसनवारी दिसत नाही.

केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या लाइफ मिशनमध्ये सर्वसाधारण घराला ४ लाख रुपये मिळतात. ग्रामीण योजनेतल्या घरामागे केंद्राचे ७२,०००. उरलेला भार राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था उचलतात, त्यासाठी हुडकोचे कर्जही घेतले गेले. म्हणजे कर्ज आहेच, फक्त ते कुटुंबाच्या नावावर नाही. अर्थात त्याच पैशात घरे कमी होतात आणि यादीतल्यांना थांबावे लागते. तरीही अर्धवट भिंतींपेक्षा मला हा हिशेब अधिक प्रामाणिक वाटतो. निदान मातीचा प्रकार पाहून पायासाठी वेगळी रक्कम द्यायला तर केरळइतका खर्चही लागणार नाही.